डॉ. आंबेडकर : विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचीत असतां आपलें लक्ष सहसा त्यांच्या शेवटच्या यशाकडे जातें. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें नांव घेतांच महाडचें चवदार तळें, भारताची राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमि यांचीं चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. आणि तीं राहावींत हें योग्यच आहे. परंतु आमच्या वाचकांपैकीं बहुतेक विद्यार्थी आज ज्या वयांत आहेत त्या वयांत भीमराव कसे होते, शाळा संपल्यावर पुढें काय करावें हा प्रश्न त्यांच्यापुढें कसा उभा राहिला, आणि तो सोडविण्याच्या कामीं त्यांना कोणी व कोणत्या रीतीनें साहाय्य केलें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग घेण्याचें योजिलें आहे.

असा विषय निवडण्यास कारण आहे. धर्माबाद हें मिरचीच्या बाजारपेठेविषयीं प्रसिद्ध असलेलें सरहद्दीवरचें गांव. येथील बाजारांत मराठी व तेलुगु या दोन्ही भाषा कानीं पडतात. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग गांवावरून जातो. त्यावरची गाडी एका दिशेस नांदेड, परभणी व औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, इकडे नेते. दुसऱ्या दिशेस निजामाबाद व सिकंदराबाद इकडे नेते. शालान्त परीक्षा उतरलेला मुलगा किंवा मुलगी जेव्हां या स्थानकावर येऊन उभी राहते, तेव्हां कोणत्या गाडींत बसावें हें तिकिटे देणारा सांगूं शकतो. परंतु कोणता विषय घ्यावा, कोणत्या महाविद्यालयांत जावें, खर्चाची तोंडमिळवणी कशी करावी, हें त्याला सांगतां येत नाहीं. ज्या घरांत पूर्वीं कोणीच महाविद्यालयाची पायरी चढलेलें नाहीं त्या घरांतल्या मुलानें हें कोणास विचारावें? भीमराव अशाच घरांतले होते.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं आजच्या मध्य प्रदेशांतील महू येथील लष्करी छावणींत झाला. घराणें मूळचें कोंकणांतील मंडणगड तालुक्यांतल्या आंबडवे गांवचें. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेंत शिक्षक होते. आई भीमाबाई यांचें छत्र भीमराव लहान असतांच हरपलें. महार जातींत जन्म झाल्यामुळें त्या काळीं जी अस्पृश्यता भोगावी लागे तिच्यांतून सुभेदारांचें हें घरही सुटलें नव्हतें. सातारा येथें सरकारी शाळेंत १९०० सालीं भीमरावांचें नांव दाखल झालें. वर्गांत त्यांना वेगळें बसावें लागे, बसण्याचें गोणपाट घरून न्यावें लागे, आणि तहान लागली तर दुसऱ्या कोणी वरून पाणी ओतल्यावांचून ती भागत नसे. शाळेनें दार उघडलें होतें, पण उंबऱ्याच्या आंत घेतलें नव्हतें.

भीमरावांचे पहिले मार्गदर्शक म्हणजे त्यांचे वडीलच. रामजींना विश्वविद्यालयाची माहिती नव्हती. परंतु विद्येची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. मुलाचें इंग्रजी सुधारावें म्हणून ते त्याच्याकडून भाषांतराचा अभ्यास करून घेत. मुंबईस आल्यावर परळच्या चाळींतल्या एका खोलींत सारें कुटुंब राहूं लागलें. तेथें दिवसां शांतता मिळणें शक्य नव्हतें, म्हणून रामजी मुलास लवकर निजवीत आणि उत्तररात्रीं दोनच्या सुमारास उठवून अभ्यासास बसवीत. मुलास एखादें पुस्तक हवें झालें आणि हातीं पैसा नसला तर ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत, आणि निवृत्तिवेतनाचे पैसे येतांच दागिना सोडवून परत देत. ज्या पालकांना आपण स्वतः शिकलों नाहीं म्हणून मुलास काय मार्ग दाखविणार असें वाटतें, त्यांनीं रामजींचें हें वर्तन ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अभ्यासक्रम माहीत नसला तरी वेळ, जागा व पुस्तक या तीन गोष्टी पालकास पुरवितां येतात.

मार्गदर्शनाची दुसरी, उलटी बाजूही भीमरावांनीं लहानपणींच पाहिली. त्यांना संस्कृत शिकण्याची हौस होती; परंतु अस्पृश्य मानलेल्या मुलास ती भाषा शिकविण्याची शाळेंत तयारी नव्हती. म्हणून त्यांना फारसी घेणें भाग पडलें. त्यांनीं फारसीचाही नेटानें अभ्यास केला आणि पुढें स्वतःच्या परिश्रमानें संस्कृतही मिळविलें. परंतु विद्यार्थ्याची आवड व कुवत न पाहतां त्याचें कूळ पाहून विषय ठरविणें हें किती अन्यायाचें असतें, याचा हा ढळढळीत दाखला होय. असला अन्याय आज उघडपणें होत नसला तरी त्याचीं भावंडें अजून आहेत. हा विषय मुलींचा नव्हे, तो विषय खेड्यांतल्या मुलांस झेपणार नाहीं, असें जेव्हां वडील माणसें विचार न करतां बोलतात, तेव्हां तींही एक दार लावून घेत असतात.

मुंबईस भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलांत जाऊं लागले. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेंत जाऊन वाचीत बसत. त्याच बागेंत कृष्णराव अर्जुन केळूसकर हे गृहस्थही येत असत. केळूसकरांचा जन्म १८६० सालचा. वेंगुर्ल्याजवळचें केळूस हें त्यांचें मूळ गांव. ते मिशनरी मंडळींनीं चालविलेल्या विल्सन हायस्कुलांत शिक्षक होते आणि मराठींतील व्यासंगी ग्रंथकार म्हणून त्यांचा लौकिक होता. तुकाराम महाराज व गौतम बुद्ध यांचीं चरित्रें त्यांनीं लिहिलीं, आणि पुढें शिवाजी महाराजांचें विस्तृत चरित्रही लिहिलें, ज्याच्या आधारें झालेला इंग्रजी ग्रंथ १९२१ सालीं प्रसिद्ध झाला. रोज एका बाकावर पुस्तकांत डोकें खुपसून बसलेला हा मुलगा कोण, याची त्यांना जिज्ञासा वाटली आणि त्यांनीं होऊन त्याची चौकशी केली. भीमराव हे त्यांच्या शाळेचे विद्यार्थी नव्हते, त्यांच्या जातीचे नव्हते, आणि त्यांच्याकडे कांहीं मागावयासही आलेले नव्हते. तरीही केळूसकरांनीं त्यांना जवळ केलें. रामजींचाही त्यांच्याशीं स्नेह जुळला.

केळूसकर गुरुजींनीं प्रथम काय केलें? त्यांनीं उपदेश केला नाहीं. वाचावयास पुस्तकें दिलीं. मुलगा पाठ्यपुस्तकाबाहेरचें वाचतो हें पाहून त्याच्या वाचनास त्यांनीं वळण दिलें. विद्यार्थिदशेंतील एका परीक्षेच्या यशानिमित्त भीमरावांचा सत्कार झाला, त्या वेळीं गुरुजींनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांना भेट दिलें. त्या पुस्तकाचा आपल्या मनावर झालेला परिणाम बाबासाहेबांनीं आयुष्याच्या अखेरीस, आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत कृतज्ञतेनें नमूद केला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें त्यांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. एका शिक्षकानें सहज दिलेलें पुस्तक विद्यार्थ्याच्या मनांत सुमारें अर्धशतक कसें वाढत राहतें, याचा अंदाज देतांना त्या शिक्षकास तरी कोठून असणार?

भीमराव १९०७ सालीं मॅट्रिक झाले व एल्फिन्स्टन महाविद्यालयांत जाऊं लागले. त्यांच्या समाजांत त्या वेळीं ही गोष्ट अपूर्वाईची होती. परंतु महाविद्यालयाचा अभ्यास अर्ध्यावर आला तोंच रामजींची ऐपत संपली. दागिने गहाण ठेवूनही भागेना अशी वेळ आली. या ठिकाणीं भीमरावांचें शिक्षण थांबलें असतें. ते कोठें तरी कारकून झाले असते, घर चालविलें असतें, आणि त्यांत कोणीही त्यांस दोष दिला नसता. असे कितीतरी हुशार विद्यार्थी त्या काळीं अर्ध्या वाटेवर थांबले. त्यांचीं नांवें आज आपणांस ठाऊक नाहींत.

केळूसकर गुरुजींनीं तें होऊं दिलें नाहीं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं अस्पृश्य समाजांतील लायक विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठीं मदत करण्याची इच्छा दर्शविली होती, ही गोष्ट गुरुजींना ठाऊक होती. ते भीमरावांस घेऊन महाराजांच्या भेटीस गेले. महाराजांनीं कांहीं प्रश्न विचारले. उत्तरांनीं त्यांचें समाधान झालें. आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मंजूर झाली.

या प्रसंगांत मार्गदर्शकाच्या कामाचे सर्व भाग एकत्र आलेले दिसतात. गुरुजी विद्यार्थ्यास पुरतें ओळखत होते. मदत कोठें मिळते याची माहिती त्यांनीं ठेविली होती. ती माहिती नुसती सांगून ते स्वस्थ बसले नाहींत, तर स्वतः बरोबर गेले. आणि महाराजांचे प्रश्न सुरू झाल्यावर उत्तरें मात्र भीमरावांनींच दिलीं. यांतला शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्याच्या वतीनें उत्तरें देणारा मार्गदर्शक त्याचें हित करीत नाहीं.

महाविद्यालयांतही एक सहृदय माणूस भेटला. प्राध्यापक म्यूलर यांनीं भीमरावांस आपलीं पुस्तकें वाचावयास दिलीं आणि अंगावर घालावयास कपडेही दिले. १९१२ सालीं भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या आरंभीं ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण लवकरच वडिलांच्या आजाराची बातमी आल्यामुळें त्यांना मुंबईस परतावें लागलें. २ फेब्रुवारी १९१३ रोजीं रामजींचें देहावसान झालें. त्याच वर्षीं सयाजीरावांनीं त्यांना अमेरिकेंत शिकण्यासाठीं तीन वर्षांची शिष्यवृत्ति दिली. परत आल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करावी, असा करार जून महिन्यांत झाला आणि जुलैमध्यें भीमराव न्यूयॉर्क येथील कोलंबिया विश्वविद्यालयांत दाखल झाले.

तेथील व्यवस्था त्यांना नवीन होती. मुंबईस ठरलेले विषय व ठरलेलीं पुस्तकें असत. येथें विद्यार्थ्यानें आपले विषय व आपले अध्यापक स्वतः निवडावयाचे होते. असें स्वातंत्र्य मिळालें म्हणजे कित्येक विद्यार्थी सोपे विषय घेऊन मोकळे होतात, तर कित्येक गोंधळून जातात. भीमरावांनीं अर्थशास्त्र हा मुख्य विषय धरला व इतर विषय त्याच्या भोंवतीं रचिले. त्यांनीं घेतलेल्या पाठांची मोजदाद अभ्यासकांनीं केली आहे ती अशी : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकीं एक. या यादीकडे पाहिलें म्हणजे त्यांच्या पुढील आयुष्याचा पायाच दृष्टीस पडतो. रुपयाचा प्रश्न, जातिसंस्थेची मीमांसा, लोकशाहीचा विचार, या सर्वांचीं मुळें तेथें आहेत. ९ मे १९१६ रोजीं मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गांत त्यांनीं भारतांतील जातींच्या उत्पत्तीवर जो निबंध वाचला, तो या आडविषयाच्या अभ्यासाचेंच फळ होय.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे त्यांचे प्रमुख मार्गदर्शक. संशोधनाची पद्धति कोणती स्वीकारावी, असें भीमरावांनीं त्यांना एकदां विचारलें. सेलिग्मन यांनीं तयार पद्धति हातीं दिली नाहीं. मन लावून काम करीत राहावें, म्हणजे ज्याची त्याची पद्धति त्याला सांपडत जाते, अशा आशयाचा सल्ला त्यांनीं दिला. ज्ञानेश्वर किंवा कॉन्व्होकेशनच्या भाषणांत शोभेल असें मोठें वाक्य त्यांत नव्हतें. परंतु तो सल्ला भीमरावांस आयुष्यभर पुरला. १९१५ सालीं ते एम. ए. झाले व १९१६ सालीं डॉक्टरेटसाठीं प्रबंध तयार करून इंग्लंडकडे निघाले. निघतांना सेलिग्मन यांनीं लंडनच्या विद्वानांस परिचयपत्र दिलें. एका विश्वविद्यालयांतून दुसऱ्या विश्वविद्यालयांत जाणाऱ्या विद्यार्थ्याजवळ असें पत्र असणें म्हणजे परक्या मुलखांत ओळखीचा माणूस बरोबर असण्यासारखेंच असतें.

लंडनमध्यें त्यांनीं अर्थशास्त्रासाठीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें व कायद्यासाठीं ग्रेज इन् या संस्थेंत नांव घातलें. परंतु वर्ष पुरें होतें न होतें तोंच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. हा दुसरा आणीबाणीचा प्रसंग होता. या वेळीं प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्यानें त्यांनीं एक दूरदृष्टीची तजवीज करून ठेविली. चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विश्वविद्यालयाची परवानगी त्यांनीं निघण्यापूर्वींच मिळविली. हा एक कागद नसता तर पुढच्या साऱ्या खटपटीस आधार राहिला नसता. पुष्कळ विद्यार्थी अडचण आली म्हणजे कोणास न सांगतां महाविद्यालय सोडून जातात, आणि परत येण्याचें दार आपल्याच हातानें बंद करतात. अडचण आल्यास जाण्यापूर्वीं विचारावें, आणि जी सवलत मिळेल ती लेखी घ्यावी, हा धडा येथें शिकण्यासारखा आहे.

करारानुसार भीमराव बडोद्यास गेले. परदेशांत शिकून आलेल्या या विद्वानास तेथें राहावयास घर मिळेना, आणि कचेरींतले शिपाई त्यांच्या हातांत कागद देण्याचें टाळून ते दुरून टाकीत. केळूसकर गुरुजींनीं याही वेळीं त्यांच्यासाठीं खटपट करून पाहिली. पण ती फळास आली नाहीं. मार्गदर्शकाची सदिच्छा कितीही मोठी असली तरी समाजाचें मन एकट्यानें पालटण्याची शक्ति तिच्यांत नसते, हें कटु सत्य मान्य केलें पाहिजे. भीमराव निराश होऊन मुंबईस परतले.

१९१८ सालीं सिडनहॅम महाविद्यालयांत त्यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून जागा मिळाली. पगार बरा होता. परंतु राहणी त्यांनीं चाळींतलीच ठेविली आणि लंडनसाठीं पैसा सांठविला. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनीं मदत केली, आणि कोलंबियांतील सोबती नवल भथेना यांनीं पांच हजार रुपये उसने दिले. १९२० सालीं, परवानगीच्या चार वर्षांच्या आंत, ते पुनः लंडनला पोहोंचले. १९२१ सालीं एम. एस्सी. झाले. पुढच्या वर्षीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनीं डी. एस्सी. पदवीसाठीं सादर केला.

परंतु तो प्रबंध जसाच्या तसा स्वीकारला गेला नाहीं. ब्रिटिश राजवटीच्या धोरणावर त्यांत कडक टीका होती. १९२३ च्या मार्चमध्यें परीक्षकांनीं त्याचें फेरलेखन करण्यास सांगितलें. हातचा पैसा संपलेला, मुंबईस कुटुंब वाट पाहत असलेलें, आणि अनेक वर्षांची मेहनत टेबलावर परत आलेली, अशी ती स्थिति होती. भीमरावांनीं परीक्षकांशीं भांडण मांडलें नाहीं आणि आपले निष्कर्षही सोडले नाहींत. मुंबईस येऊन त्यांनीं मांडणी सुधारली व प्रबंध पुनः लंडनला पाठविला. त्याच वर्षाच्या अखेरीपूर्वीं तो मान्य झाला व ग्रंथरूपानें प्रसिद्धही झाला.

त्या ग्रंथास प्राध्यापक कॅनन यांनीं प्रस्तावना लिहिली. विशेष हें कीं, ग्रंथांतील कांहीं मतें आपणांस पटत नाहींत हें त्यांनीं प्रस्तावनेंत मोकळेपणीं लिहिलें आणि तरीही ग्रंथाची तरतरी व नावीन्य यांची वाखाणणी केली. शिष्यानें आपलींच मतें घोकावींत असा आग्रह त्यांनीं धरला नाहीं. त्याच्या मतांस पुरेसा आधार आहे कीं नाहीं, एवढेंच पाहिलें. १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथास सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे, आणि तो ग्रंथ भीमरावांनीं सयाजीराव महाराजांस अर्पण केला. या ग्रंथाच्या आधारें कोलंबिया विश्वविद्यालयानें १९२७ सालीं त्यांना पीएच. डी. ही पदवी दिली. केळूसकर गुरुजी १९३४ सालीं निवर्तले. बागेंत भेटलेल्या त्या मुलाचा एवढा उत्कर्ष त्यांना आपल्या डोळ्यांनीं पाहावयास मिळाला.

मिळालेलें हें ऋण बाबासाहेबांनीं कसें फेडलें? ज्यांनीं दिलें त्यांच्याकडे तें परत करून नव्हे, तर आपल्या मागून येणाऱ्यांस देऊन. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें १९२५ सालीं सोलापूर येथें विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें. एका खोलींत उत्तररात्रीं अभ्यास केलेल्या माणसास विद्यार्थ्याची पहिली गरज कोणती हें सांगावें लागत नव्हतें. १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली व पुढच्या वर्षीं मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलें. तेथें नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीं भल्या सकाळीं वर्ग भरविण्याची सोय केली. ज्याला दिवसां पोट भरावयाचें आहे त्याला नुसता उत्तेजनाचा शब्द पुरत नाहीं. त्याला वेळापत्रकांत जागा करून द्यावी लागते.

यानंतर त्यांची दृष्टि मराठवाड्याकडे वळली. तेव्हांची येथील स्थिति आजच्या मुलांस कदाचित् माहीत नसेल. धर्माबादसह सारा मराठवाडा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानचें उस्मानिया विश्वविद्यालय १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालें होतें व तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. मराठी बोलणाऱ्या खेड्यांतल्या मुलास पदवी मिळवावयाची तर घरापासून दूर जावें लागे आणि तेंही परक्या भाषेंतून शिकावें लागे. त्यांतून घरची गरिबी व जातीची आडकाठी असल्यास बोलावयासच नको. १९५० सालीं नांदेड येथें पीपल्स महाविद्यालय निघालें, आणि त्याच वर्षीं औरंगाबाद येथें बाबासाहेबांच्या संस्थेचें महाविद्यालय सुरू झालें. पुढील वर्षीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यांत आली.

या महाविद्यालयास त्यांनीं मिलिंद हें नांव दिलें व परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊं लागला. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. त्यानें भिक्षु नागसेन यांस अनेक कठीण प्रश्न विचारले, व समाधान झाल्यावर आपला पराभव प्रांजळपणें मान्य केला, अशी कथा प्राचीन पालि ग्रंथांत आहे. महाविद्यालयास नांव देतांना बाबासाहेबांनीं उत्तरें देणाऱ्या गुरूचें नांव न निवडतां प्रश्न विचारणाऱ्याचें निवडलें, आणि गुरूचें नांव भोंवतालच्या वनास मिळालें. विद्यार्थी व मार्गदर्शक यांचें नातें कसें असावें हें त्या दोन नांवांतच आलें आहे. विद्यार्थ्यानें भीड न धरतां विचारावें; मार्गदर्शकानें न रागावतां समजावून द्यावें; आणि दोघांनींही सत्यापुढें मान लववावी. ६ डिसेंबर १९५६ रोजीं बाबासाहेबांचें महापरिनिर्वाण झालें. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १९९४ सालीं त्यास बाबासाहेबांचें नांव मिळालें, आणि त्याच वर्षीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें स्वतंत्र विद्यापीठ निघालें. शंभर वर्षांपूर्वीं धर्माबादच्या मुलास जें दुर्लभ होतें, तें आतां रेल्वेच्या थोड्या प्रवासावर आलें आहे.

तथापि अंतर कमी झालें म्हणून निवडीचें काम सोपें झालें असें नव्हे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासांत मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे विषय अशी निवड विद्यार्थ्यानेंच करावयाची आहे. म्हणजे १९१३ सालीं कोलंबियांत भीमरावांपुढें जो प्रश्न होता, तसाच प्रश्न आज आपल्या गांवच्या मुलांपुढें आला आहे. तो सोडवितांना शेजाऱ्याच्या मुलानें काय घेतलें हें पाहूं नये. आपल्यास कोणता विषय तासन् तास धरून ठेवतो, त्याला पूरक काय आहे, खर्च किती येईल व कोणत्या शिष्यवृत्तीस आपण पात्र आहों, अर्जाची मुदत केव्हां संपते, हे प्रश्न कागदावर लिहून काढावेत आणि तो कागद घेऊन जाणत्या माणसाकडे जावें. प्रत्येक महाविद्यालयांत असा एखादा अध्यापक असतोच. मात्र तो आपल्या मागें येईल अशी वाट पाहणें बरें नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, केळूसकर गुरुजींनीं भीमरावांस हेरलें खरें. पण त्यांनीं हेरलें तेव्हां भीमरावांच्या हातांत पुस्तक होतें, हें विसरूं नका. पालकांस एवढीच विनंति कीं, आपणांस जेथवर माहीत आहे तेथवर मुलाचा हात धरावा आणि त्यापुढें तो जाणत्याच्या हातीं द्यावयास संकोच करूं नये. सुभेदार रामजींनीं तसेंच केलें. आणि आमच्यांतले जे आज शिकून पुढें जातील, त्यांनीं सुट्टींत गांवीं आल्यावर एक संध्याकाळ आपल्या मागच्या इयत्तेंतल्या मुलांसाठीं राखून ठेवावी. आपण कोठें चुकलों, कोणता अर्ज राहिला, कोणतें पुस्तक उपयोगी पडलें, एवढें त्यांना सांगावें. चर्नी रोडच्या बागेंतला तो बाक आपल्या गांवींही असूं शकतो. कोणी तरी त्यावर येऊन बसलें पाहिजे.